ॲड्रिनल ग्रंथी: रक्तदाब चढला, पण रुग्ण वाचेनात

1716 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या अकादमीने निबंधस्पर्धा जाहीर केली. प्रश्न एकच: मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या त्या दोन छोट्या ग्रंथींचा उपयोग काय? निबंध आले, मोंतेस्क्यूने ते वाचले, आणि बक्षीस कोणालाच मिळालं नाही. या ग्रंथीला नळीच नाही. स्राव कुठे जातो तेच दिसत नसेल तर कल्पना लढवण्यापलीकडे करणार काय?

उत्तराचं पहिलं टोक दवाखान्यात सापडलं. 1855 मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या टॉमस ॲडिसनने 11 रुग्णांची हकिकत छापली. कमालीचा थकवा, मेलेली भूक, क्षीण नाडी आणि काळपट होत जाणारी कातडी. शवविच्छेदनात बिघाड दिसला तो ॲड्रिनलमध्ये. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार्डने प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढल्या, प्राणी मेले. लगेच आक्षेप आला की ते शस्त्रक्रियेच्या धक्क्याने मेले असतील, शिवाय काही उंदीर तर ग्रंथी काढूनही जगतात. आक्षेप रास्तच होता. उंदरांच्या शरीरात याच ऊतीचे सुटे तुकडे इतरत्र असू शकतात, हे नंतर कळलं.

मग आला 1894 चा प्रसिद्ध प्रयोग. जॉर्ज ऑलिव्हर हा हॅरोगेटचा डॉक्टर आणि लंडनचे प्राध्यापक शेफर यांनी ग्रंथीचा अर्क प्राण्याच्या शिरेत सोडला, आणि रक्तदाब काही सेकंदांत उसळला. 1901 मध्ये ताकामिनेने त्यातलं द्रव्य स्फटिकरूपात वेगळं केलं: ॲड्रिनलिन. ॲडिसनच्या रुग्णांचा रक्तदाब कमी असतो, ग्रंथीतून रक्तदाब वाढवणारं द्रव्य निघतं, म्हणजे आजार त्याच द्रव्याच्या अभावाचा. किती सरळ! फक्त ॲड्रिनलिन देऊन रुग्ण वाचत नव्हते.

खरं तर खूण ऑलिव्हर-शेफरच्या निकालातच होती. तो परिणाम फक्त आतल्या गाभ्याच्या, म्हणजे मेड्युलाच्या अर्काने होत होता. बाहेरच्या थराचा, कॉर्टेक्सचा, अर्क दिला की रक्तदाबाची रेघ हलत नसे. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. ‘काही झालं नाही’ याचा अर्थ त्या उपकरणावर, तेवढ्या मिनिटांत काही झालं नाही, एवढाच. कॉर्टेक्सची संप्रेरकं स्टेरॉइड वर्गातली. ती पाण्यात जेमतेम विरघळतात, त्यामुळे पाण्याच्या अर्कात फारशी उतरतच नाहीत. शिवाय ती पेशीत शिरून जनुकांचं काम बदलतात. परिणाम दिसायला बऱ्याचदा तास जातात. सेकंद मोजणाऱ्या उपकरणाला ती दिसणार कशी?

कॉर्टेक्सच जीवनावश्यक आहे याचा एक सुंदर पुरावा शार्कच्या जातीतल्या माशांनी दिला. त्यांच्यात या दोन ऊती वेगवेगळ्या जागी असतात. आर्टुर बीडलने कॉर्टेक्सशी जुळणारा भाग तेवढा काढला, आणि मासे मेले. 1930 मध्ये स्विंगल आणि फिफ्नर यांनी चरबी विरघळवणारे द्रव वापरून कॉर्टेक्सचा अर्क काढला; त्यावर ग्रंथी काढलेल्या मांजरी जगल्या. पुढे केंडल आणि राइखस्टाइन यांनी एकेक स्टेरॉइड वेगळं केलं, हेंचने त्यातलं कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णांना दिलं. तिघांना 1950 चं नोबेल मिळालं. रक्तातलं मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन त्याच्याही नंतर, 1953 मध्ये हाती आलं.

नेट-सेटच्या गाइडमध्ये हे सगळं ‘कॉर्टेक्स: स्टेरॉइड, मेड्युला: ॲड्रिनलिन’ अशा दोन रकान्यांत उरकतं. मध्ये गेलेली पस्तीसेक वर्षं त्यात दिसत नाहीत.

राहिला कातडीचा रंग. कॉर्टिसोल घटलं की ते वाढवण्यासाठी पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक जोरात सोडू लागते. त्याच्या साखळीचा काही भाग कातडीत रंगद्रव्य वाढवणाऱ्या संप्रेरकासारखाच असतो, आणि दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनातून तुटून तयार होतात. म्हणजे 1855 मध्ये ॲडिसनने रुग्णांच्या अंगावर जे पाहिलं, ते बंद पडलेल्या ॲड्रिनलला डोक्यातून जाणाऱ्या हाका होत्या.