जाळीमागची बाई आणि विटांची जाळी



आज आपण भिंतीतल्या भोकांविषयी बोलणार आहोत. हसू नका. या भोकांना मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या चुलीपर्यंत येतो.

जयपूरचा हवामहल आपण चित्रात तरी पाहिलाय. महाराजा सवाई प्रतापसिंहांनी तो १७९९ साली बांधला. पाच मजले आणि ९५३ लहान खिडक्या! राजघराण्यातल्या बायकांना पडदा होता. रस्त्यावरची मिरवणूक त्यांनी बघायची, पण स्वतः कुणाला दिसायचं नाही, म्हणून या जाळ्या. आत अंधार आणि बाहेर लख्ख ऊन असलं की आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. त्याच भोकांतून वारा खेळायचा. बाईला अडवलं, वाऱ्याला नाही.

आपल्याकडे माळवदाच्या घरात छताला साणं असायचं. त्यातून उजेड येई, धूर जाई. पुढे पत्रे आणि स्लॅब आले, साणं गेलं. धूर मात्र आपल्या डोळ्यांत राहिला.

मग ही जाळी गरिबाच्या घराला परवडेल का? लॉरी बेकर यांनी ते करून दाखवलं. ते जन्मानं इंग्रज. मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर पाळला. पुढे केरळात तिरुवनंतपुरमला त्यांनी विटा रचतानाच मध्ये फटी सोडून भिंती उभ्या केल्या. खिडकीला चौकट, झडपा, गज, बिजागऱ्या लागतात. या जाळीला फक्त विटा आणि हुशार गवंडी लागतो. ऊन गाळून आत येतं, डोळ्यांवर तिरीप येत नाही.

गरम हवा वर चढते. म्हणून चुलीजवळच्या भिंतीत छताखाली जाळी ठेवली, आणि समोरून खालून वारा यायला वाट ठेवली, तर धूर बाहेर पडायला मदत होते. पावसाच्या बाजूला वर छज्जा हवा, डासांसाठी आतून बारीक जाळी हवी.

घरकुल मंजूर झालं की नकाशा घरातले पुरुष आणि गवंडी ठरवतात. मैत्रिणींनो, पाया खणायच्या आधीच आपण तिथं जाऊन उभं राहूया. हवामहलातल्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्या स्वयंपाकघरात जाळी कुठं हवी, हे चुलीपुढं बसणारीनंच सांगायचं.