सायकलचा आराम : धातूत की हवेत?

लांब पल्ल्याची सायकल कोणत्या धातूची असावी, हा प्रश्न सायकलवेड्यांच्या बैठकीत निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते : ॲल्युमिनियम हाडे खिळखिळी करते, पोलाद सुसह्य असते आणि टायटॅनियम म्हणजे तर गादीच! टायटॅनियमच्या एका फ्रेमच्या किमतीत साध्या सायकलींची रांग उभी राहू शकते. तेव्हा हे उत्तर कितपत खरे आहे, हे तपासून पाहायला हवे. त्यासाठी सायकलचा इतिहास चांगला उपयोगी पडतो. ‘धातू बदलला आणि आराम बदलला’ असे आपण म्हणतो, तेव्हा धातूबरोबर आणखी काय बदलले होते, ते इतिहासात दिसते.

सुरुवात लाकूड आणि लोखंड यांपासून करू. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडल असलेल्या सायकली बाहेर पडू लागल्या. त्यांची चाके लाकडी असत आणि त्यांवर बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव चढवलेली असे. दगडी फरसबंदीवर या वाहनाने जे काही अनुभवायला मिळे, त्यावरून इंग्रजांनी त्याचे नाव ‘हाडे खुळखुळवणारे’ असेच ठेवले.

पुढच्या दशकात तारांचे आरे आणि भरीव रबराची धाव आली आणि पुढचे चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत पोचले. एका पायडल-फेऱ्यात जास्त अंतर जावे, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. पण आणखी एक लाभ झाला. लहान चाक ज्या खड्ड्यात पडते, त्यावरून मोठे चाक सहज निघून जाते. थॉमस स्टीव्हन्स या गृहस्थांनी १८८४ ते १८८६ या काळात अशाच उंच सायकलवरून जगप्रवास केला. लाहोर ते कलकत्ता हा ग्रँड ट्रंक रस्त्यावरचा टप्पाही त्यात होता.

उंच सायकलीवरून तोंडघशी पडण्याची भीती मोठी. म्हणून १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या, लहान चाकांची आणि साखळीची ‘रोव्हर’ सायकल आणली. पडण्याची भीती कमी झाली. पण चाके लहान झाल्याने धक्के परत आले! त्यावर उपाय म्हणून काही कारखानदारांनी फ्रेममध्येच स्प्रिंग बसवल्या. त्याच सुमाराची ‘व्हिपेट’ ही अशीच एक स्प्रिंगवाली सायकल. म्हणजे धक्के शोषण्याचे काम फ्रेमवर सोपवण्याचा प्रयोग तेव्हाच होऊन गेला होता.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी नळी तयार केली. (हवेच्या धावेचे एक पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच घेतले होते, ते विस्मरणात गेले होते.) डनलॉप यांनी केलेली चाचणी वर्गात सांगण्याजोगी आहे. एका लाकडी तबकडीवर त्यांनी हवेची नळी बसवली आणि ती तबकडी व तीनचाकीचे जुने चाक अंगणात घरंगळत सोडले. जुने चाक वाटेतच आडवे झाले. हवेचे चाक अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकावर आदळून मागे उसळले. म्हणजे आराम वाढला, शिवाय वेगही वाढला! उघड आहे : प्रत्येक खड्याला सायकल आणि माणूस दोघांनाही उचलण्यात जी ऊर्जा वाया जात होती, ती वाचली. खडा आता टायरमध्येच रुतू लागला. काही वर्षांतच स्प्रिंगच्या फ्रेमी बाजारातून मागे पडल्या.

लांब पल्ल्याची परीक्षा लगेच झाली. सप्टेंबर १८९१मध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ यांनी ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. त्यांच्या सायकलीला मिशलँ कंपनीचे हवेचे टायर होते. फ्रेम मात्र इतर सायकलींसारखी पोलादाचीच होती.

पुढची ऐंशी वर्षे पोलादाचे राज्य चालले. १८९७ साली आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळ्यांचे पेटंट घेतले. जोडाजवळ ताण जास्त, म्हणून तेथे धातू जास्त. बाकी ठिकाणी वजन कमी. १९३५ साली याच कारखान्याचे मँगॅनीज-मॉलिब्डेनमयुक्त ‘५३१’ पोलाद आले. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर प्रवास करून १९२८ साली परतले, तेही पोलादी सायकलींवरच. फ्रान्समध्ये ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही लांबच्या सहलींसाठी रुंद टायर वापरा, असे लोकांना सांगत होते.

आता नवे धातू पाहू. १९७०च्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या चिकटवून फ्रेमी बनू लागल्या. ‘ॲलन’ आणि ‘व्हिटस’ ही त्यांतली प्रसिद्ध नावे. या नळ्यांचा व्यास पोलादी नळ्यांसारखाच बारीक होता. स्वारांचे मत पडले : आरामशीर आहे, पण जोर लावला की शेवयांसारखी वाकते. त्याच सुमारास अमेरिकेत गॅरी क्लाइन यांनी आणि १९८३पासून कॅननडेल कंपनीने जाड व्यासाच्या ॲल्युमिनियम फ्रेमी केल्या. स्वारांचे मत पडले : कडक, दणकट, हाडे दुखवणारी. धातू एकच आणि कीर्ती दोन, अगदी परस्परविरुद्ध! येथेच आपल्याला थबकायला हवे. दोष किंवा गुण धातूचा असता तर असे झाले नसते.

काही आकडे पाहा. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०५ गिगापास्कल आणि घनता ७.८५. टायटॅनियमचे हेच आकडे सुमारे १०८ आणि ४.५, तर ॲल्युमिनियमचे ७० आणि २.७. मुलांना गुणांक भागिले घनता असा भागाकार करायला सांगा. उत्तरे २६, २४ आणि २६ अशी येतील! म्हणजे वजनाच्या हिशेबात तिन्ही धातू जवळजवळ सारखेच ताठ आहेत. फरक पडतो तो नळीच्या आकाराने. पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध त्रिज्येच्या घनाच्या आणि जाडीच्या प्रमाणात असतो. वजन तेवढेच ठेवून व्यास दुप्पट केला, तर जाडी निम्मी होते, पण ताठपणा चौपट होतो. क्लाइन यांनी हेच साधले होते. त्यांना तसे करणे भागही होते. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण लाखो वेळा दिला तरी ते तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. ते वारंवार वाकले तर कधीतरी थकून तडकतेच. म्हणून त्याला वाकूच द्यायचे नाही, असा हा विचार.

टायटॅनियम १७९१ साली कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर यांना काळ्या वाळूत सापडले; १७९५ साली क्लाप्रोथ यांनी त्याचे नामकरण केले. आपल्याकडे केरळच्या आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या काळ्या वाळूतले इल्मेनाइट हे त्याचेच खनिज. मात्र तापलेले टायटॅनियम ऑक्सिजनशी झटकन संयोग पावते. त्यामुळे १९४०च्या सुमारास विल्यम क्रोल यांची पद्धत येईपर्यंत ते मोठ्या प्रमाणावर शुद्ध करता येत नव्हते. पुढे ते विमानांत गेले आणि १९७०च्या दशकात इंग्लंडच्या ‘स्पीडवेल’ व अमेरिकेच्या ‘टेलेडाइन’ या कंपन्यांनी सायकलीत आणले. टेलेडाइनने जवळजवळ शुद्ध धातू वापरला होता. त्या फ्रेमी फार लवचिक ठरल्या, काही मोडल्याही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मर्लिन’ आणि ‘लाइटस्पीड’ यांनी ३ टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असलेले संमिश्र वापरले. ते मुळात विमानांतल्या तेलाच्या नळ्यांसाठी होते. त्याला गंज लागत नाही, ते सहसा थकत नाही, पोलादापेक्षा हलके असते. हे गुण खरेच मोलाचे आहेत.

पण गादीचे काय? सायकलची फ्रेम त्रिकोणांची असते. त्रिकोण वरून दाबला तर सहसा दबत नाही, म्हणून तर पुलाच्या कैच्या त्रिकोणी असतात. स्वाराच्या वजनाने कोणत्याही धातूची नेहमीची फ्रेम उभ्या दिशेने मिलिमीटरभरही दबत नाही, तर टायर काही मिलिमीटर दबतो. त्याशिवाय सीट, सीटखालची दांडी आणि पुढचा चिमटा हेही थोडेथोडे दबतात. एकापुढे एक जोडलेल्या स्प्रिंगांत सर्वांत मऊ स्प्रिंग जास्तीत जास्त ताणली जाते. कडक स्प्रिंग आणखी थोडी मऊ केली तरी एकूण फरक नगण्य असतो. फ्रेम ही ती कडक स्प्रिंग आहे. बारीक नळ्यांची फ्रेम वाकते हे स्वारांना जाणवते ते बरोबरच आहे, पण ते मुख्यतः आडवे वाकणे आणि पिळणे असते.

लांब पल्ल्यावर हा प्रश्न नुसत्या सुखाचा राहत नाही. तासन्‌तास हँडलवर दाब आणि कंप सोसल्याने तळहातातली नस चेपून करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फेरी आज शर्यत न राहता ९० तासांची सहनशक्तीची परीक्षा झाली आहे. तीत भारतातले स्वारही भाग घेतात. आपले पैसे कशावर खर्चावेत, हे त्यांना कळायला हवे. गेल्या काही वर्षांत शर्यतीच्या सायकलींचे टायरही २३ मिलिमीटरवरून २८ आणि त्याहून रुंद झाले आहेत. व्हेलोसिओ यांचा सल्ला पुन्हा मान्य झाला म्हणायचा!

वर्गात हे करून पाहता येईल. एक पातळ आणि एक जाड रबर एकाखाली एक बांधून वजन टांगा आणि प्रत्येकाची लांबी किती वाढली ते मोजा. मग पातळ रबर तसेच ठेवून जाड रबर थोडे बदला आणि एकूण वाढीत किती फरक पडतो ते पाहा. दुसरा प्रयोग शाळेच्या आवारात. एकाच सायकलीच्या टायरमध्ये कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त हवा भरा. (फार कमी केली तर रिम आपटून ट्यूब चिमटते.) स्वाराला न सांगता त्याचे मत लिहून घ्या, अनेक स्वारांकडून आणि अनेक वेळा. सायकल कोणत्या धातूची आहे हे ठाऊक असताना दिलेले मत आणि असे मिळवलेले मत यांतला फरक मुलांच्या सहज लक्षात येईल.