मनुष्यमासाचे गणित आणि पुण्यातील अवजारे

सॉफ्टवेअरच्या धंद्यात माल वजनाने वा लांबीने मोजता येत नसल्यामुळे तो माणसांच्या वेळेने मोजण्याची रीत आरंभापासूनच पडली, आणि एका प्रोग्रॅमरने महिनाभर केलेले काम, म्हणजे ‘मनुष्यमास’, हेच अंदाजपत्रकाचे आणि पुढे बिलाचेही एकक ठरले. हे एकक फसवे आहे, असे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात दाखवून दिले होते. रखडलेल्या कामावर जादा माणसे घातली, तर नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि काम आणखी रखडते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुस्तक गाजले, तरी एकक टिकले. प्रोग्रॅमरचे श्रम वाचवणारी अवजारे, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी, तपासण्यासाठी वा दुरुस्त करण्यासाठी वापरायचे प्रोग्रॅम, याच एककाच्या छायेत वाढली. पुण्याच्या इतिहासात ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसते. कारण महिने विकणाऱ्या कंपन्या आणि महिने वाचवणाऱ्या कार्यशाळा या शहरात शेजारी-शेजारी, कित्येकदा एकाच मालकीखाली, उभ्या राहिल्या.

पुण्याचा संगणकाशी संबंध या दोन्हींहून जुना आहे. पुढे आयसीएल या नावाने ओळखल्या गेलेल्या ब्रिटिश संगणक कंपनीची भारतातील उत्पादनशाखा १९६३ मध्ये पुण्यात सुरू झाली, आणि अनेक स्थित्यंतरांनंतर तिच्याच परंपरेतून २००० साली झेन्सार हे नाव पुढे आले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक वर्ष १९८१ हे होय. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस ही कंपनी पुण्यात नोंदवली. स्वतःचा संगणक नसल्याने तिचे सुरुवातीचे काम अमेरिकेत, ग्राहकाच्या जागेवर जाऊन करावे लागले, म्हणजे विक्रीस होता तो केवळ कुशल माणसांचा वेळ. दोनच वर्षांत कंपनी बंगळुरूला गेली, याची हळहळ पुण्यात आजही व्यक्त होते. त्याच १९८१ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने पुण्यात टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन केले, आणि हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील या संस्थेला मात्र त्या मानाने फारच थोडे लोक ओळखतात.

इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टीआरडीडीसी’ म्हटल्या जाणाऱ्या या केंद्रामागे टाटा कन्सल्टन्सीचे तेव्हाचे प्रमुख फकीरचंद कोहली यांचा आग्रह होता. पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव हे कानपूरच्या आयआयटीतून आलेले मृत्तिकाशिल्प-पदार्थांचे, म्हणजे सिरॅमिक्सचे, अभ्यासक होते. त्यामुळे केंद्रात एकीकडे धातू आणि सिमेंटच्या प्रक्रियांवर, तर दुसरीकडे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या प्रक्रियेवर संशोधन चाले. ही सोबत वरवर विजोड वाटते, पण तिच्यात एक सूत्र होते. भट्टीचे गणित मांडता येते, तसे प्रोग्रॅम घडण्याचेही मांडता यावे, अशी ती धारणा होती.

सॉफ्टवेअरच्या बाजूला केसव नोरी यांच्यामुळे एक आंतरराष्ट्रीय वारसा पुण्यात आला. नोरी यांनी १९७० च्या दशकात झुरिच येथे निक्लाउस वीर्थ यांच्या पास्कल या संगणकभाषेच्या ‘पास्कल-पी’ संकलकावर काम केले होते. संकलक, म्हणजे कंपायलर, माणसाला वाचता येईल अशा भाषेतील प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो, आणि यंत्राचे प्रकार जितके, तितके संकलक लिहावे लागतात. झुरिचच्या गटाने त्यावर तोड काढली ती अशी की, एक काल्पनिक, अगदी साधे यंत्र कल्पून संकलकाने त्याच्याच भाषेत भाषांतर करावे, आणि ज्याला आपल्या खऱ्या यंत्रावर पास्कल हवी असेल, त्याने त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटा प्रोग्रॅम तेवढा लिहावा. एकाने एकदा केलेले कष्ट दुसऱ्या कोणाला पुन्हा करावे लागू नयेत, हा यामागचा विचार पुण्यातील पुढच्या कामातही दिसतो. सैद्धान्तिक संगणकशास्त्रावरील एफएसटीटीसीएस ही भारतीय परिषद १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षे पुण्यात भरली आणि तिच्या इतिवृत्तांच्या संपादनात नोरी होते, यावरून त्या काळी या शहरात जमलेल्या विद्वत्तेची कल्पना येते. १९८८ मध्येच विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही सरकारी संस्था पुण्यात निघाली. तिच्या १९९१ च्या ‘परम ८०००’ या महासंगणकासाठी ‘पारस’ नावाची प्रोग्रॅम लिहिण्याची साधनसामग्रीही तयार करावी लागली, कारण अनेक प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, एकाच वेळी राबवणारा प्रोग्रॅम नुसत्या हाताने लिहिणे जिकिरीचे असते.

टीआरडीडीसीतून १९९० च्या दशकात पुढे आलेले ‘मास्टरक्राफ्ट’ हे या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचे अवजार होय. त्याचे काम समजण्यासाठी बँकेतील एक साधी नोंद, समजा मुदत ठेव परिपक्व होण्याची तारीख, विचारात घ्यावी. ही तारीख कारकुनाच्या पडद्यावरील चौकटीत असते आणि माहितीसंचातील तक्त्याच्या एका रकान्यात असते. ती ठेव ठेवल्याच्या तारखेनंतरचीच असली पाहिजे, ही अट प्रोग्रॅममध्ये दोन-तीन ठिकाणी लिहिलेली असते. शिवाय पावतीवर ती छापली जाते. नियम बदलला की प्रोग्रॅमरने ही सगळी ठिकाणे शोधून बदलायची, आणि त्यांतले एखादे राहून गेले की बग जन्माला येतो. मास्टरक्राफ्टच्या पद्धतीत व्यवहाराचे वर्णन प्रतिमानात, म्हणजे आकृत्या आणि नियम यांनी बनलेल्या मॉडेलमध्ये, एकदाच लिहायचे आणि पडदा, तक्ता, तपासणी यांचा कोड जनित्राने, म्हणजे कोड लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने, तयार करायचा. ‘व्यवहार काय आहे’ आणि ‘तो कोणत्या यंत्रणेवर चालतो’ या दोन बाबी वेगळ्या ठेवल्या म्हणजे यंत्रणा बदलली तरी प्रतिमान टिकते, ही मांडणी विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात केली. अशा जनित्रांविषयी प्रोग्रॅमरांची एक तक्रार जगभर ऐकू येते आणि ती रास्त आहे: घाईच्या वेळी तयार कोडमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी जनित्र चालवताच पुसली जाते.

असे अवजार हाती असताना त्याभोवती स्वतंत्र कंपनी का उभी राहिली नाही, याचे उत्तर तंत्रात शोधण्यापेक्षा बिलात शोधणे अधिक योग्य ठरेल. सेवाधंद्यात कराराच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत कामाची रक्कम आधीच ठरते, आणि अवजारामुळे शंभर मनुष्यमासांचे काम साठात झाले तर उरलेल्या चाळिसांचा फायदा कंपनीच्या पदरात पडतो. दुसऱ्या, ‘टाइम अँड मटेरियल’ म्हटल्या जाणाऱ्या तऱ्हेत जितके तास लागले तितक्यांचे पैसे मिळतात, आणि तेथे तेच अवजार चाळीस मनुष्यमासांचे बिल घटवते, वर मोकळी झालेली माणसे ‘बेंच’वर, म्हणजे बिनकामाच्या पण पगारी यादीत, बसवते. पहिल्या तऱ्हेत अवजार हे गुपित शस्त्र असल्याने ते प्रतिस्पर्ध्याला विकावेसे वाटत नाही, आणि दुसऱ्या तऱ्हेत ते वापरण्याचीच निकड भासत नाही. या कात्रीत मास्टरक्राफ्ट बरीच वर्षे प्रामुख्याने घरचेच अवजार राहिले, यात नवल नाही.

टीआरडीडीसीच्याच ‘टेका’ या अवजाराला निदान गिऱ्हाईक जवळचे होते. हे अवजार वाहनांतील आणि इतर यंत्रांतील अंतःस्थापित, म्हणजे एम्बेडेड, प्रोग्रॅम न चालवताच तपासते आणि शून्याने भागाकार होण्याची वा यादीच्या मर्यादेबाहेर हात जाण्याची शक्यता दाखवते. वाहने बनवणाऱ्या टेल्को आणि बजाज यांच्या शहरात, जेथे मोटारींचा कस पाहणारी एआरएआय ही संस्थाही आहे, अशा तपासणीचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नव्हते.

दुसरी वाट पर्सिस्टंट सिस्टिम्सची. अमेरिकेत डॉक्टरेट करून एचपीच्या प्रयोगशाळेत काम केलेले आनंद देशपांडे १९९० मध्ये पुण्याला परतले आणि ही कंपनी काढून त्यांनी बँका-विमा कंपन्यांऐवजी सॉफ्टवेअरची उत्पादने करणाऱ्या परदेशी कंपन्या ग्राहक म्हणून निवडल्या. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यान योजनेत बंगळुरू आणि भुवनेश्वर यांच्याबरोबर पुण्याचाही आरंभीच समावेश झाल्याने उपग्रहामार्फत काम परदेशी पाठवण्याची सोय झाली होती. दुसऱ्याचे उत्पादन घडवताना आवृत्त्या सांभाळणे, रोजच्या रोज जुळणी करणे, चाचण्या यंत्राकडून करवून घेणे या सवयी पुण्यातील तरुण प्रोग्रॅमरांच्या अंगी बाणल्या, पण वेष्टनावरचे नाव परक्याचेच राहिले. २०१६ मध्ये आयबीएमने अभियांत्रिकी गटांसाठीच्या आपल्या काही साधनांच्या विकासाचे काम कराराने पर्सिस्टंटकडे सोपवले.

स्वतःच्या नावाने उत्पादन विकण्याचा उत्साह पुण्यात २००८ च्या आसपास वाढला. व्हेरिटास या साठवणूक-सॉफ्टवेअरच्या कंपनीत तयार झालेल्या अभियंत्यांनी त्या वर्षी ‘ड्रुवा’ काढली, मात्र तिचा विषय विदेच्या सुरक्षित प्रतींचा, म्हणजे बॅकअपचा, होता. उत्पादकतेचा विषय थेट हाती घेतला तो २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘सेपियन्स’ने, आणि तिच्या संस्थापकांत शिरीष देवधर, स्वाती देवधर यांच्यासारखे सेवाधंद्यात मुरलेले लोक होते. तिचे सॉफ्टवेअर कर्मचाऱ्याच्या संगणकावर पार्श्वभूमीत चालते आणि दिवसातील किती वेळ कोड लिहिण्यात, किती ईमेलमध्ये, किती सभांत गेला याची नोंद आपोआप ठेवते. आठवड्याअखेरीस आठवून भरायच्या आणि म्हणूनच बहुधा अंदाजपंचे भरल्या जाणाऱ्या टाइमशीटची जागा त्याने घ्यावी, अशी कल्पना होती. हडपसरच्या अवजाराने प्रोग्रॅमरचे काम हलके करण्याचा प्रयत्न केला होता, तर या नव्या अवजाराने त्याचा महिना मिनिटामिनिटाने मोजायला घेतला; आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक होते ते बहुतांशी मनुष्यमास विकणाऱ्या कंपन्याच.