वीज परत आल्यावर: अमोनिया शीतगृहातील धोक्याची वेळ

अमोनियाच्या सुरक्षिततेचा विचार बहुधा त्याच्या विषारीपणापाशी थांबतो. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे ३०० भाग झाले की जिवाला तात्काळ धोका मानतात. पण त्याहून पुष्कळ कमी प्रमाणातही तो नाकाला झोंबतो, म्हणून बारीक गळती सहसा लपत नाही. मला अधिक काळजी वाटते ती यंत्रणा एका अवस्थेतून दुसरीत जाते त्या मिनिटांची.

अमेरिकेत अलाबामा राज्यातील थिओडोर येथे मिलार्ड कंपनीच्या शीतगृहात २३ ऑगस्ट २०१० रोजी हेच दिसले. आदल्या दिवशी सात तासांहून अधिक वीज नव्हती. ती आल्यावर अलार्म घालवण्यासाठी ऑपरेटरने नियंत्रण प्रणाली रीसेट केली. त्या वेळी एका इव्हॅपोरेटरवरचा बर्फ गरम वायू सोडून वितळवणे चालू होते. रीसेटमुळे ते अर्ध्यावर तुटले आणि त्या इव्हॅपोरेटरची कॉइल (थंडावा देणाऱ्या नळ्या) थेट थंड करण्याच्या अवस्थेत गेली.

बर्फ उतरवताना कॉइलमध्ये उच्च दाबाचा वायू भरलेला असतो आणि त्यातला काही द्रवरूप झालेला असतो. हा दाब आधी लहान व्हॉल्व्हने हळूहळू उतरवायचा असतो. ती पायरी गाळून मोठा सक्शन व्हॉल्व्ह उघडला, की वायू कमी दाबाच्या थंड पाइपकडे धावतो, द्रवाला पुढे रेटतो. मध्ये अडकलेली वाफ थंड द्रवाला भिडून क्षणात आकसते आणि द्रव पाइपच्या टोकावर घणासारखा आदळतो. थिओडोरला छतावरचा १२ इंची पाइप फुटला. सुमारे साडेचौदा टन अमोनिया बाहेर पडला, दीडशेहून अधिक लोकांना त्रास झाला, ३२ जण रुग्णालयात गेले. यंत्रणा तातडीने बंद करण्याऐवजी कर्मचारी चालू यंत्रणेतच गळतीचा भाग वेगळा करू पाहत होते. तेवढा वेळ गळती वाढत राहिली.

आपल्याकडे वीज जाणे-येणे नवे नाही. मासळी गोठवणाऱ्या ज्या प्लांटमध्ये गरम वायूने बर्फ उतरवतात, तिथे वीज आल्यावर कोणती कॉइल कोणत्या टप्प्यावर थांबली होती हे पाहिल्याशिवाय रीसेटला हात लावू नये. नियंत्रण प्रणालीतील बर्फ उतरवण्याच्या पायऱ्यांचा क्रम बदलण्याचा अधिकारही मोजक्याच लोकांकडे असावा.

नेहमीच्या देखभालीतही धोका असाच अवस्था बदलण्याच्या क्षणी असतो. कॉम्प्रेसरचे खनिज तेल अमोनियात विरघळत नाही. जड असल्याने ते यंत्रणेच्या तळाशी साचते. ते काढताना थंडीने घट्ट झालेली धार सावकाश येते, आणि कंटाळलेला हात व्हॉल्व्ह थोडा अधिक उघडतो. तेल संपले की त्याच तोंडातून द्रव अमोनिया उसळतो. म्हणून तिथे हात सोडताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवतात. तो तारेने बांधून उघडा ठेवलेला आढळला, तर तेल काढणे तिथेच थांबवावे, तार काढावी आणि काम पुन्हा सुरू करताना दुसरा माणूस शेजारी उभा करावा.