गुरुजींचे पाचशे रुपये

मंगळनाथच्या रस्त्यावर अंकपात लागतं. माहेरकडचं कुणी उज्जैनला आलं की मी त्यांना सांदीपनी आश्रमात नेतेच. कृष्ण, बलराम, सुदामा इथे शिकले, इथल्या कुंडावर त्यांनी पाट्या धुतल्या, असं तिथे सांगतात. मला त्या कथेचा शेवट जास्त आवडतो. शिक्षण झाल्यावर शिष्याने दक्षिणा विचारली आणि गुरूंनी आढेवेढे न घेता मागितली. मागितली ती तरी केवढी, तर समुद्रात बुडालेला मुलगा परत आणून दे! ‘मी ज्ञानाचं दान केलंय बाबा, तुला वाटेल ते ठेव’ असं काही ते म्हणाले नाहीत.

आपल्या चार दानांत ज्ञानदान आहेच. रविवारच्या पाठशाळेत मी कित्येक वर्षं मुलांना शिकवते, पैसे घेत नाही, पुढेही घेणार नाही. पण माझी चूल त्या पाठशाळेवर पेटत नाही. जिची पेटते, तिच्या कामालाही ‘दान’ म्हणायचं आणि मग हातावर चार पैसे टेकवायचे, हे मला खटकतं. आमच्या मध्य प्रदेशात हे सरकारी कागदावर कसं आलं, तो इतिहास काही फार जुना नाही. आमच्या वन्संच्या नोकरीएवढाच आहे म्हणा ना.

त्याआधी एक सांगायला हवं. १९६४ साली केंद्र सरकारने शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष होते दौलतसिंह कोठारी, उदयपूरचे, आणि स्वतः एका हेडमास्तरांचे चिरंजीव. १९६६ च्या अहवालात त्यांनी शिक्षकांचे पगार चांगले वाढवा, विशेषतः शाळांतल्या शिक्षकांचे, असं सुचवलं. शाळा सरकारी असो, पालिकेची असो की खासगी, सारख्या कामाला सारखा पगार असावा, असंही त्यांचं म्हणणं होतं. अहवालाचं कौतुक खूप झालं.

तीस वर्षांनी आमच्याकडे नेमकं उलटं घडलं. पंचायत राज आलं, दिग्विजय सिंहांच्या सरकारने शिक्षकांची भरती पंचायतींकडे सोपवली, आणि जुन्या पद्धतीने शिक्षक नेमणं थांबवलं. त्या जुन्या संवर्गाला ‘डाइंग कॅडर’ म्हणू लागले. म्हणजे आहेत ते निवृत्त होतील, त्यांच्या जागी तसे नवे येणार नाहीत. नवे आले ते ‘शिक्षाकर्मी’. १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना सुरू झाली. जिथे एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तिथल्या लोकांनी मागणी करायची. मुलं चाळीस हवीत, आदिवासी भागात पंचवीस पुरेत. मागणी आल्यावर नव्वद दिवसांत शासन गुरुजी देणार. जागा गावाने द्यायची, गुरुजीही तिथलाच. त्याचं मानधन महिना ५०० रुपये.

या योजनेला मी नावं ठेवणार नाही. ज्या पाड्यांवर कधी खडू दिसला नव्हता तिथे शाळा पोहोचल्या, बाहेरच्या देशातही तिची वाहवा झाली. पण ही सगळी स्वस्ताई कुणाच्या खिशातून निघाली, हे विचारायला नको का?

वन्सं १९९८ मध्ये शिक्षाकर्मी झाल्या. यजमान गेल्यावर दोन मुलं घेऊन त्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे राहायला आल्या होत्या. अर्ज आम्ही दोघींनी आणला होता, मीही बी.ए. होते. सासूबाई म्हणाल्या, “एक जाऊ दे. दोघी गेल्या तर घर कोण बघणार?” मग मी माझा अर्ज कपाटात ठेवला. वन्सं पहाटे डबा घेऊन निघायच्या, बस, पुढे दोन मैल पायी. त्यांच्या शाळेत एक जुन्या संवर्गातले सर होते. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी ते पाचवी वन्संकडे. पगार मात्र सरांचा वन्संच्या कितीतरी पट. सर भले होते. पगाराच्या दिवशी त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून ते सगळ्यांना कचोरी आणायचे. वन्सं ती कागदात बांधून मुलांसाठी घरी आणत.

पुढे नावं बदलत गेली. २००१ मध्ये ‘संविदा शाला शिक्षक’ आले. २००७ मध्ये सगळ्यांचा मिळून ‘अध्यापक संवर्ग’ झाला. पगार थोडा वाढला, पण शिक्षण खात्याचे कर्मचारी म्हणून त्यांना धरत नव्हते. मग जानेवारी २०१८ मध्ये भोपाळला चार अध्यापक बायकांनी सर्वांसमोर डोक्यावरचे केस उतरवले.

ती बातमी आली त्या दिवशी आम्ही मंदिरात बसलो होतो. आपल्याला केशलोच नवा नाही. माताजी स्वतःच्या हाताने केस उपटतात, आपण हात जोडून बघतो. पण तिथे मोह सुटलेला असतो. इथे एकीचाही मोह सुटला नव्हता, घर होतं, हप्ते होते. कुणीतरी म्हणालं, “बाईने पैशासाठी केस काढावेत का?” वन्सं शेजारीच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसता पदर सारखा केला.

आठ-नऊ दिवसांत मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहानांनी मागणी मान्य केली. १ जुलै २०१८ पासून ते शिक्षण विभागात आले. पण नेमणूक नवी धरली, ज्येष्ठता तिथून मोजली. वन्संची आधीची वीस वर्षं कुठे गेली, हा हिशेब त्या अजून मांडतात. आता निवृत्ती जवळ आली आहे.

आज कायम शिक्षकांचा पगार वाईट नाही, हे मी मान्य करते. काही जण शाळेत बसून मोबाइल बघतात, तेही खरं. पण त्यांच्याच शेजारी अतिथी शिक्षक शिकवतात, सत्रापुरते. २०२३ पर्यंत प्राथमिकच्या अतिथीला महिना ५,००० रुपये होते, ते १०,००० केले. शाळेला सुट्टी लागली की तेही बंद. २०२५ मध्ये सरकारने मोठ्या सीएम राइज शाळांना ‘सांदीपनी विद्यालय’ नाव दिलं. नाव चांगलंच आहे. दक्षिणेचं काय?

आणि मैत्रिणींनो, सरकारला एवढं बोलल्यावर घरात बघायला हवं. समाजाच्या एका शाळेत शिकवणाऱ्या मुली मला ओळखतात. त्यांचा पगार मी इथे लिहीत नाही, लाज वाटते. मागच्या चातुर्मासात बैठकीत मी विषय काढला. कोषाध्यक्ष म्हणाले, “भाभी, ही तर सेवा आहे.” मी म्हटलं, “मंदिराचं शिखर बांधणारा ठेकेदारही सेवाच करतोय, त्याचं बिल आपण गेल्या महिन्यात पूर्ण दिलं.” बायका हसल्या. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. यावेळी मी वन्संना बरोबर नेणार आहे, त्यांच्या नेमणुकीच्या सगळ्या कागदांसकट.