कर्ता अज्ञात

१९९०च्या दशकात आमच्या हाती ‘ब्रिक गेम’ आला. दोन पेन्सिल सेल, करड्या पडद्यावर १० रुंद व २० उंच चौकोनांची जाळी, आणि वेष्टनावर ‘९९९९ इन १’ अशी ग्वाही. आमच्यापैकी एकाने मे महिन्याच्या सुट्टीत सारे खेळ वहीत उतरवायला घेतले. यादी दोन दिवसांतच संपली. वेग आणि पातळ्या बदलून आकडा फुगवलेला होता. खेळणे मात्र थांबले नाही.

वरून पडणारे ठोकळे रचण्याचा त्यातला मुख्य खेळ म्हणजे ‘टेट्रिस’, हे पुष्कळ पुढे कळले. अलेक्सी पाजित्नोव यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात रचला. त्यांच्या ‘एलेक्ट्रोनिका ६०’ संगणकावर चित्रे उमटत नसत, म्हणून ठोकळे त्यांनी कंसाच्या चिन्हांनी उभारले. (व्याकरणाच्या मास्तरांना हे आवडावे.) १९८९ मध्ये निन्तेन्दोच्या ‘गेम बॉय’बरोबर खेळ जगभर गेला; हक्क सोव्हिएत सरकारकडे राहिले. पाजित्नोव यांना मानधन मिळू लागले ते १९९६ मध्ये ‘टेट्रिस कंपनी’ स्थापन झाल्यावर.

लोकसाहित्य शिकवताना ‘कर्ता अज्ञात’ हे शब्द आम्ही सहज उच्चारतो. जात्यावरची ओवी गाणारीगणिक बदलत सर्वांची झाली, तिथे ते शोभतात. आमच्या यंत्रावरचे नाव मात्र नक्कल करणाऱ्यांनी गाळले होते. कर्ता तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता, आणि आम्ही त्याच्या रांगा भरत दुपारी घालवत होतो, सेल उतरून ठोकळे फिके पडेपर्यंत.