ट्रेसरबाईंचा समुद्र

दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. माळा आवरायचं काम (नेहमीप्रमाणे) माझ्या गळ्यात पडलं आणि त्यात सापडली एक पत्र्याची लांब नळी. आत ट्रेसिंग क्लॉथवर काढलेले चार-पाच नकाशे होते. घरातल्या मंडळींना आठवत असेल, आत्या एका सरकारी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. इंजिनीअर लोक मोजमापं आणायचे, ही रेघा ओढायची, रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत साहेबांच्या सह्या आहेत, आत्याची नुसती दोन आद्याक्षरं.

ते बघताना मला मेरी थार्प आठवली आणि मग रात्री जेवणानंतर आत्याला तिची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय.

खंडं सरकतात असं जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनरने १९१२ सालीच सांगितलं होतं. पण इतकं मोठं धूड सरकवतं कोण, याचं पटेल असं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला. पुढची वीस-पंचवीस वर्षं, निदान अमेरिकेत तरी, खंडं सरकतात म्हणणारा भूशास्त्रज्ञ वेड्यात निघायचा.

मेरीचा जन्म १९२०चा. वडील सरकारी खात्यात मातीचे नकाशे करायचे. बदलीची नोकरी, त्यामुळे पोरीच्या शाळा सारख्या बदललेल्या. भूशास्त्राचा वर्ग तिला मिळाला तोही दुसरं महायुद्ध चालू असल्यामुळे. मुलगे लढाईवर गेले म्हणून मिशिगन विद्यापीठाने मुलींना दार उघडलं! १९४८ साली ती न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात लागली. तिथे ब्रूस हीझन बोटीवर जाऊन समुद्राची खोली मोजून आणायचा आणि मेरी ते आकडे कागदावर उतरवायची. बोटीवर बायकांना बंदी होती. त्यामुळे जिचा नकाशा, तिलाच समुद्रावर जायची सोय नाही.

खोली मोजायची रीत साधी. बोटीवरून आवाज सोडायचा आणि तळावर आपटून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते बघायचं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, त्यावरून खोली निघते. असे हजारो आकडे टिंबाटिंबाने मांडून मेरीने उत्तर अटलांटिकचे सहा आडवे छेद काढले. समुद्राच्या मध्यावर डोंगररांग आहे हे आधीपासून माहीत होतं. पण सहाही छेदांत त्या रांगेच्या माथ्यावर एक खाच दिसत होती, आणि रांगेवर रांग ठेवली की खाचही एकाखाली एक येत होती. डोंगराच्या माथ्यावर दरी! म्हणजे तिथे जमीन फाटते आहे. हे १९५२ सालचं.

हीझनने ते बायकी गप्पा म्हणून उडवून लावलं. कारण दरी मान्य केली की वेगेनर दारात उभा.

बाईंनी वाद घातला नाही, पुन्हा आकडे मांडले. शेजारच्याच टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा माणूस समुद्रातल्या भूकंपांची ठिकाणं टिपत होता. समुद्री केबल कुठून न्याव्या हे ठरवायला बेल लॅब्जला तो नकाशा हवा होता. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणातले. खालून दिवा लावलेल्या टेबलावर एकावर एक ठेवले, तर भूकंपांची टिंबं बरोबर मेरीच्या दरीत! (इथे आत्या पानाचा डबा बाजूला ठेवून सरसावून बसली. ट्रेसरलाच कळणार ही गंमत.)

हीझन वळला. गंमत म्हणजे वळला तोही अर्धाच. पृथ्वी फुग्यासारखी फुगते आहे म्हणून दरी पडली, असं त्याने बरीच वर्षं धरून ठेवलं. आणि जाक कूस्तो तर दरी नाहीच हे दाखवायला पाण्याखाली कॅमेरा ओढत निघाला, आणि १९५९ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत त्याला दरीचीच फिल्म दाखवावी लागली.

पुढचा दुवा आपल्या अरबी समुद्रात आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९६२ साली कार्ल्सबर्ग रांगेवर (हो, बिअरवाल्यांचंच नाव) एका ब्रिटिश जहाजाने तळाच्या खडकांचं चुंबकत्व मोजलं. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव मधूनमधून उलटतात, आणि लाव्हा थिजताना त्या वेळची दिशा खडकात गोठून राहते. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ साली म्हटलं, की रांगेतून वर येणारा नवा खडक दोन्ही बाजूंना सरकत असेल तर सुलट-उलट पट्टेही दोन्हीकडे सारखेच पडायला हवेत. ते तसे आहेत हे पुढच्या तीन-चार वर्षांत ठिकठिकाणी दिसलं आणि भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला. अटलांटिक वर्षाला दोन-अडीच सेंटिमीटर रुंदावतो, नखं वाढतात साधारण त्याच गतीने. आपला भारत आशियावर धडकून हिमालय वर आला तोही याच कारभारातला.

मेरीला बोटीवर पाऊल ठेवायला साठचं दशक निम्मं सरावं लागलं. १९७७ साली अख्ख्या जगाच्या समुद्रतळाचा नकाशा पूर्ण झाला, हाइनरिश बेरानने रंगवलेला. त्याच वर्षी हीझन पाणबुडीत हृदयविकाराने गेला. मेरी गेली २००६ साली.

तो निळा नकाशा मी आत्याला कॉम्प्युटरवर दाखवला. चष्मा पुसून तिने आधी आइसलंडपासून खालपर्यंत ती शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाली, "रेघ चांगली आहे. कोपरा दाखव." मी मोठा करून दाखवला. हीझनच्या नावाच्या जोडीने मेरी थार्पचं नाव आहे, पूर्ण.

"आद्याक्षरं नाहीत," आत्या म्हणाली, आणि आपले नकाशे गुंडाळून पुन्हा नळीत घालायला लागली.